अंगावरचं लेणं आणि वजनाचा काटा



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे यंदाचा विषय 'दागिने' असा जाहीर झाल्यावर ओळखीच्या दोघा-तिघांनी रस्त्यात थांबवून विचारलं, "सर, निवृत्तीनंतर सराफी सुरू केली की काय?" सराफी सुरू केलेली नाही. पण आमचं बालपण या गुलमंडीच्या मागच्या गल्लीत गेलं. सुपारी हनुमानाला नमस्कार करायचा, मछली खडकातून सिटी चौक गाठायचा आणि पुढे सराफ्यातून शहागंजला जायचं, हा आमचा रोजचा रस्ता. या रस्त्यावर जे पाहिलं त्याचा अर्थ लावायला पुढची पन्नास वर्षं लागली. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. नावात फूल असलेल्या या बाजारापासून हाकेच्या अंतरावर सोन्याचा बाजार आहे. फूल संध्याकाळी कोमेजतं, सोनं पिढ्यान् पिढ्या टिकतं. पण बाईच्या अंगावर दोन्हीही दागिनेच. मग दागिना म्हणजे नेमकं काय? साठवलेला पैसा, की आणखी काही? आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दागिन्याचा इतिहास आपण फार करून काट्याने लिहिला, तोळ्या-माशांत लिहिला. पण ज्यांनी दागिने घातले त्यांच्यासाठी ते 'मी कोण, माझं काय' हे सांगण्याचं साधन होतं, आणि पुष्कळ बायकांसाठी ते एकमेव साधन होतं. म्हणून दागिना कोणी घालावा, कोणी उतरवावा आणि ते कोणी ठरवावं, हा प्रश्न हौसेमौजेचा नाही. तो माणूसपणाचा आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली. तिच्यात आपलं पैठण आहे. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून सुलेमानी खडा गाड्या भरभरून बंदरावर येतो, असं तो सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचे लोक जे खडे अंगठीत आणि गळ्यात मिरवत होते, त्यांतले काही आपल्या गोदाकाठावरून गेलेले होते.

पुढे अजिंठा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवलेल्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा मुकुट आणि मोत्यांचा सर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सतराव्या लेण्यात एक राजकन्या आहे. हातात आरसा, भोवती दासी, आणि ती स्वतःकडे पाहते आहे. आपल्या शहरापासून शंभर किलोमीटरवर, भिक्खूंच्या विहाराच्या भिंतीवर, आरशात पाहणारी बाई दीड हजार वर्षं उभी आहे. ज्यांनी संसार सोडला त्यांच्या भिंतीवर साजशृंगार कसा, असा प्रश्न आम्हाला एका विद्यार्थ्याने विचारला होता. आम्ही त्याला म्हणालो, सोडायचं काय ते आधी नीट पाहायला नको का? उत्तर चतुर होतं, पुरेसं नव्हतं. पुढे त्याकडे येतो.

मराठीत अजिंठ्यालाही 'लेणं' म्हणतात आणि दागिन्यालाही 'लेणं' म्हणतात. दोन्हींची मुळं वेगळी आहेत. डोंगरातलं लेणं 'लयन', म्हणजे राहण्याची जागा, या शब्दावरून आलं. सातवाहनकाळच्या शिलालेखांत ते प्राकृत रूपात सापडतं. अंगावरचं लेणं आलं ते घालणे, लावणे या अर्थाच्या 'लेणे' या क्रियापदावरून. काजळ ल्यायचं, कुंकू ल्यायचं, साडी ल्यायची. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 'लेणं' हा शब्द वस्तूचं नाव होण्याआधी कृतीचं नाव आहे. पेटीत पडलेलं सोनं हे सोनं असतं. अंगावर चढतं तेव्हा ते लेणं होतं.

आता अजिंठा-वेरूळच्या स्त्रियांकडे पुन्हा एकदा पाहा. कर्णफुलं आहेत, हार आहेत, बाजूबंद आहेत, मेखला आहेत, नूपुर आहेत. पण नाकात काही नाही. नथ नाही, चमकी नाही. प. कृ. गोडे आणि अ. स. अळतेकर या दोन मोठ्या अभ्यासकांनी गेल्या शतकात हा मुद्दा मांडला. साधारण इसवी सन १०००च्या आधीच्या आपल्या वाङ्मयात आणि शिल्पांत नाकातल्या दागिन्याचा पत्ता लागत नाही. ज्या नथीशिवाय मराठी नवरी आपल्याला डोळ्यांसमोर आणता येत नाही, ती नथ वेरूळच्या पार्वतीला ठाऊक नव्हती!

दुसरं उदाहरण पुतळ्यांच्या माळेचं. आजीच्या गळ्यातली ही माळ म्हणजे अगदी घरचा दागिना. पण 'पुतळी' हे नाव आपल्याकडे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला होतं. त्यावर व्हेनिसचा राज्यप्रमुख एका ख्रिस्ती संतापुढे गुडघे टेकून बसलेला असतो. आपल्या बायकांनी त्या दोन आकृती पाहिल्या, नाण्याला पुतळी म्हटलं, ती दोऱ्यात ओवली आणि गळ्यात घातली. परक्या देशातला चलनी पैसा इथे सौभाग्याचा दागिना झाला. परंपरा अशी घडत असते. कोणीतरी काहीतरी उचलतं, अंगावर घालतं, आपलं म्हणतं, आणि तीन पिढ्यांनी ते सनातन होतं.

बाई आपलं म्हणते, पण कायदा काय म्हणतो? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्त्रीधनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक 'वृत्ती', म्हणजे उपजीविकेसाठी दिलेलं, आणि दुसरं 'आबंध्य', म्हणजे अंगावर बांधायचं, अर्थात दागिने. वृत्तीला दोन हजार पणांची मर्यादा आहे. आबंध्याला मर्यादा नाही. धर्मशास्त्रांनी बाईच्या मालकीवर अनेक कुंपणं घातली, पण तिच्या अंगावर जे बांधलं आहे ते तिचं, हे मोडायला ती सहसा धजली नाहीत. आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या बसवकल्याणला विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली आणि स्त्रीधनाचा अर्थ आणखी रुंद केला.

मात्र याज्ञवल्क्याने एक अपवाद ठेवला होता. चार प्रसंगी नवऱ्याने बायकोचं स्त्रीधन घेतलं तर ते परत करण्याचं बंधन त्याच्यावर नाही. ते प्रसंग म्हणजे दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि बंदिवास. या यादीत पहिला शब्द दुष्काळ आहे. वर्गात ही यादी वाचताना आम्हाला दरवेळी १९७२ साल आठवायचं.

आम्ही तेव्हा पदव्युत्तर वर्गात होतो. मराठवाड्यात पाऊस नव्हता. खडी फोडायची, पाझर तलाव खोदायचे, सुकडी खायची, असे दिवस होते. सराफ्यात खेड्यांतून माणसं यायची. सोनं थोड्यांकडे असायचं, बहुतेकांकडे चांदी. वाळे, तोडे, सरी, गोठ, करदोटे. दुकानदार ते काट्यावर टाकायचा आणि मोडीचा भाव सांगायचा. 'मोड' हा शब्द त्या बाजाराचाच. दागिना घ्यायचा तेव्हा सोनं-चांदी अधिक घडणावळ, आणि द्यायचा तेव्हा घडणावळ शून्य, वर घट वजा. ज्या हातांनी तो घडवला त्यांची कला आणि ज्या हाताने तो वीस वर्षं वापरला त्याची वीस वर्षं, दोन्ही काट्यावर चढत नाहीत.

एक दिवस आम्ही दुकानाच्या पायरीशी उभे होतो. पैठणकडची एक म्हातारी बाई दंडातली चांदीची वाकी घेऊन आली होती. वजन झालं, भाव ठरला. नोटा मोजायला सुरुवात झाली तशी तिने काट्यावरची वाकी उचलली, दंडात चढवली आणि क्षणभर तशीच बसली. मग उतरवली आणि परत काट्यावर ठेवली. कोणी काही बोललं नाही. दुकानदाराने वजन पुन्हा केलं नाही, एवढा त्याचा मोठेपणा.

आम्ही तेव्हा तत्त्वज्ञानाचे हुशार विद्यार्थी होतो. छांदोग्य उपनिषद नुकतंच शिकलो होतो. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो की सोन्याचा एक गोळा कळला की सोन्याचं सगळं कळलं. बाकी आकार म्हणजे नावापुरते भेद. मूळ धातू तेवढा सत्य. आमच्या ज्ञानोबांनीही सोनं आणि लेणं हा दाखला हवा तसा खेळवला आहे. त्या दिवशी घरी येताना आमच्या मनात आलं, की सराफाचा काटा पक्का अद्वैती दिसतो. त्याला धातूच तेवढा खरा, नामरूप खोटं! विनोद आम्हाला फार आवडला. मित्रांना सांगितलाही. त्या बाईने उत्तरपक्ष मांडला होता, हे मात्र आमच्या ध्यानात आलं नाही. तिच्यासाठी वाकीच खरी होती. चांदी हे फक्त तिचं वजन होतं.

असाच एक मोठा काटा त्याआधी दहा वर्षांपूर्वी सरकारने लावला होता. १९६२च्या चीनच्या युद्धात देशभरच्या बायकांनी संरक्षण निधीला दागिने दिले. आमच्या गल्लीतही बायकांनी हातातलं काढून दिल्याचं आम्हाला आठवतं. ते देणं स्वेच्छेचं होतं, अभिमानाचं होतं. पण जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाईंच्या काळात सुवर्ण नियंत्रण आलं आणि नवा दागिना १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचा घडवायचा नाही असा नियम झाला. २२ कॅरट म्हणजे शेकडा ९१.६ सोनं, १४ कॅरट म्हणजे शेकडा ५८. परकीय चलन वाचावं, सोन्याची चोरटी आयात थांबावी, हा हेतू समजण्यासारखा होता. सरकारच्या लेखी सोनं म्हणजे निजून राहिलेलं भांडवल. पण देशभरच्या सुवर्णकारांचं काम गेलं, भट्ट्या थंड झाल्या, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. लग्नं काही थांबली नाहीत. जुने डाग मोडून, चोरून, उधारीवर, दागिने होतच राहिले. १४ कॅरटची अट १९६६मध्ये गेली, १९६८ला सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि १९९०मध्ये तोही रद्द झाला. अर्थशास्त्राचे मित्र याची कारणं बाजारात शोधतात, ती बरोबरही असतील. आम्हाला एवढंच वाटतं की सरकारने सोन्याचा हिशेब केला आणि लेण्याचा करायचा राहिला.

दागिना म्हणजे केवळ संपत्ती असती तर आपल्याकडे हलव्याचे दागिने झाले नसते. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाला तान्ह्या बाळाला साखरेच्या काटेरी हलव्याचा हार, बाजूबंद, मुकुट घालतात. काळ्या साडीवर पांढरा हलवा. किंमत नगण्य, आयुष्य एका संध्याकाळचं, आणि शेवटी मुलं तो खाऊन टाकतात. डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने तसेच. कासारी बाजारातल्या काचेच्या बांगड्या तशाच. आणि गोंदण? ते ना विकता येतं, ना गहाण ठेवता येतं. आमची आजी म्हणायची, बाकी सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं.

याच्या उलट टोकाला निजामाचा खजिना आहे. पहिला निजाम आपल्या खुलताबादलाच विसावला आहे, म्हणून त्या घराण्याशी आपलं जुनं नातं. त्या घराण्याचे १७३ दागिने भारत सरकारने १९९५मध्ये सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतले. ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत आहेत. अमूल्य आहेत, पण कोणाच्याही अंगावर नाहीत. आमच्या व्याख्येप्रमाणे ते जडजवाहीर आहे, लेणं नाही.

इथपर्यंत आम्ही दागिन्याची बाजू घेतली. आता दुसरी बाजू.

जे अंगावर असतं ते माणूस सांगतं, तसंच ते माणसाला बांधूनही ठेवतं. 'आबंध्य' या शब्दातला बंध दोन्हीकडे ओढतो. डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकर बायकांशी बोलले. ज्या दागिन्यांवरून आणि लुगडं नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून तुमची अस्पृश्यता ओळखली जाते, ती टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. गळाभर आणि हातभर कथला-चांदीचे दागिने ही त्या बायकांची हौस होती, पण गावाच्या लेखी ती खूण होती. बायकांनी ते ऐकलं आणि उतरवलं. तेव्हा दागिना उतरवणं हेही 'मी कोण' याचं उत्तर असू शकतं. त्या उतरवण्याला कोणी दैन्य म्हणणार नाही, कारण ते त्यांनी स्वतः केलं. बाबासाहेबांनी पुढे १९५०मध्ये आपल्या शहरात महाविद्यालय उभं केलं. तिथे शिकलेल्या मुलींच्या मनगटावर घड्याळ आलं. आमच्या पिढीने त्या घड्याळाची ऐट पाहिली आहे. तेही लेणंच होतं.

अजिंठ्याच्या त्या विद्यार्थ्याला आज आम्ही हे उत्तर देऊ. भिक्खूने सोडलं ते त्याने सोडलं. प्रश्न सोडण्याचा किंवा घालण्याचा नसतोच. हात कोणाचा, हा प्रश्न असतो.

हे आम्हाला ग्रंथांतून कळलं नाही. आमचे वडील १९८४मध्ये गेले. आम्ही तेव्हा प्राध्यापक होतो, नावामागे डॉक्टरेट लागली होती. आमच्या आईची सकाळ ठरलेली होती. अंघोळ झाली की छोट्या आरशासमोर उभी राहायची, कुंकू लावायची, बांगड्या मागे-पुढे करून सारख्या करायची आणि मंगळसूत्राच्या वाट्या सरळ आहेत का ते अंगठ्याने चाचपायची. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांत घरातलं कोणी तिला हाक मारत नसे. दिवसभर ती आमची, रात्री ती वडिलांची, त्या दोन मिनिटांपुरती ती स्वतःची.

दहाव्या दिवशी नात्यातल्या बायका आल्या. आपली भाषा अशा वेळी फार मऊ होते. बांगडी फुटली म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. आईच्या बांगड्या वाढवल्या, मंगळसूत्र वाढवलं, जोडवी काढली. आई काही बोलली नाही. जोडवी निघेनात, बोटं सुजली होती, म्हणून साबण लावला. आम्ही दाराशी उभे होतो. आदल्याच महिन्यात आम्ही 'स्वत्व' या विषयावर एका परिसंवादात निबंध वाचला होता, आणि आमच्या तोंडून 'राहू द्या' एवढे दोन शब्द निघाले नाहीत.

त्यानंतर आई तेरा वर्षं जगली. सकाळी अंघोळ झाली की हात गळ्याशी जायचा, अंगठा वाट्या शोधायचा आणि खाली यायचा. तेरा वर्षं. आरशासमोर ती पुन्हा उभी राहिली नाही. पाटल्या तिच्याच होत्या, हातात होत्या, कोणी नेल्या नाहीत. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधन हे बाईच्याच मालकीचं, नवऱ्याकडे ते विश्वासाने ठेवलेलं, असं बजावलं, तेव्हा आम्ही वर्गात त्याचं कौतुक केलं. पण आईचं जे गेलं होतं ते वजनात बसत नव्हतं. मंगळसूत्र पेटीत सुरक्षित होतं. सोनं जागेवर होतं, लेणं गेलं होतं.

मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की आमच्या गावात विधवेचं कुंकू पुसणार नाही, बांगड्या फोडणार नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी वाचून आम्ही वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि बराच वेळ बसून राहिलो. जे एका ग्रामसभेला सुचलं ते आम्हाला आमच्या घरात सुचलं नव्हतं.

कोणी म्हणेल, मंगळसूत्र हीच मुळात बांधून ठेवणारी खूण, तिच्यासाठी का हळहळायचं? आक्षेप योग्य आहे. आमची नात मंगळसूत्र घालणार नाही म्हणते. नाकात मात्र तिने हौसेने चांदीची चमकी घातली आहे, आणि ती कुठल्याही नवऱ्यासाठी नाही असं बजावते. आम्हाला दोन्ही मान्य आहे. तिने घातलं नाही ते तिचं. आईला ठेवायचं होतं की काढायचं होतं, ते आम्हाला आजही ठाऊक नाही, कारण तिला कोणी विचारलं नाही. आमचं सगळं म्हणणं त्या न विचारण्याविषयी आहे.

आता समारोप करतो. जून २०२१पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. आज सराफ्यात दागिना घेतलात तर त्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असतो. पावतीवर वजन, शुद्धता, घडणावळ आणि कर असे रकाने असतात. चांगली गोष्ट आहे, फसवणूक टळते. आमची विनंती एका जास्तीच्या रकान्याची आहे, आणि तो पावतीवर नको, घरच्या वहीत हवा. आज घरी गेल्यावर आईला, बायकोला, बहिणीला, आजीला विचारा. हा डाग कुठून आला? कधी घातलास? कशासाठी मोडलास? यातलं तुला काय ठेवायचं आहे आणि काय नको? त्या सांगतील ते लिहून ठेवा. वेळ लागेल, कारण बऱ्याचजणींना हे पहिल्यांदाच विचारलं जात असेल.

आमच्या घरी आईच्या पाटल्यांचं वजन वडिलांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, पाच तोळे तीन मासे. त्यापुढची ओळ कोरी आहे.